समुद्राकाठचा नाताळ सोलापूरच्या गल्लीत आणायचाय, मदत हवी

रेल्वेलाइन्सची_आल्टो | 9 नोव्हेंबर, रात्री 9:52

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, रेल्वे लाइन्समध्ये राहते, चर्चच्या गायनवृंदात आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा सूर, गाते. दर डिसेंबरात आम्ही वीस-पंचवीस जण घरोघरी नाताळगीतं गात फिरतो. ढोलकी, टाळ, पेटी आणि कुणाची तरी गिटार. ज्या घरी जातो तिथे आत बोलावतात, दोन गाणी, प्रार्थना, चहा-केक, की पुढचं घर.

हे मला फार प्रिय आहे, पण सगळं दाराच्या आत होतं. गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, हॉलमधल्या टेबलावर, चांदणी गॅलरीत, गाणी सोफ्यासमोर. समोरच्या अपार्टमेंटमधल्या माणसाला नुसती ढोलकी ऐकू येते. आपल्याकडे गणपतीचे देखावे बघायला अख्खं गाव रात्री चालत फिरतं, गड्ड्याच्या जत्रेला तर काही विचारूच नका. नाताळ मात्र ज्यांचा आहे त्यांच्याच घरात मिटलेला राहतो.

माझी मावसबहीण इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ब्रायटनला लागून असलेल्या होव्हमध्ये राहते. तिथे समुद्रालगत लाकडी खोपट्यांची लांबच लांब रांग आहे. उन्हाळ्यात लोक त्यात खुर्च्या, टॉवेल, चहाची किटली ठेवतात, हिवाळ्यात ती बंद असतात. पण 1 ते 24 डिसेंबर रोज संध्याकाळी त्यातलं एक उघडतं. ज्या तारखेला ज्यांची पाळी, त्यांनी आत काहीतरी मांडायचं: चित्र, पुतळे, दिव्यांची रचना. लोक अंधारात किनाऱ्याने चालत येतात, दार उघडतं, बघतात, उभ्याउभ्या नाताळगीतं म्हणतात, काहीतरी गरम पितात आणि घरी जातात. दुसऱ्या दिवशी दुसरं दार. नाताळची वाट बघत रोज एक खिडकी उघडायची अशी कागदी दिनदर्शिका जर्मनीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून छापली जाते, तीच त्यांनी किनाऱ्यावर उभी केली.

मला हे आपल्या गल्लीत करायचंय. समुद्र नाही, खोपटी नाहीत, पण अंगणं आहेत, पार्किंग आहेत, लोखंडी फाटकं आहेत. रोज एक फाटक उघडायचं. कुणी असं काही जवळून पाहिलंय का? काय मांडावं, कशाचं करावं, रस्त्यावर गाण्याचे नियम काय, सगळं सांगा.

होव्हवासी | 9 नोव्हेंबर, रात्री 11:30

अरे वा, माझ्या गावाचा धागा! मी मूळचा बार्शीचा, इथे नोकरीला आहे. बहिणीने सांगितलं ते खरं. थोडी भर घालतो.

इथला किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे. चालताना करकर आवाज येतो, त्यामुळे लोक यायला लागले की आधी ऐकू येतं. डिसेंबरात चारच्या आधी सूर्य मावळतो, म्हणजे संध्याकाळची वेळ पूर्ण काळोखाची. आणि मुख्य म्हणजे या खोपट्यांना वीज नसते. जे काही उजळायचं ते बॅटरीवर नाहीतर कंदिलावर. म्हणून मांडणी झगमगाटी होतच नाही. सगळ्या खोपट्यांच्या भिंती ठरलेल्या फिक्या हिरवट रंगाच्या, दार मात्र ज्याचं त्याच्या आवडीचं. बंद असताना ओळखू येत नाही की आत आज काय आहे.

मला आठवणीत राहिलेली मांडणी सांगतो. आतल्या तिन्ही भिंतींना जुनी मासेमारीची जाळी लावली होती आणि जाळ्यात मुलांनी केलेले कागदी मासे अडकवले होते. खाली फळीवर गवताऐवजी वाळलेलं समुद्रशेवाळ, त्यावर कापडात गुंडाळलेलं बाळ. मागे एकच दिवा. वारा आला की जाळी हलायची आणि माशांच्या सावल्या छतावर पोहायच्या. गर्दी चाळीस-पन्नास माणसांची असेल. एक आजी म्हणाल्या, आता गाऊ या, आणि सुरूच झाल्या. वाद्य नाही, माइक नाही. समुद्राचा आवाज इतका असतो की शेजाऱ्याचा सूर धरूनच गावं लागतं.

ताई, तुम्ही हे केलंत तर एक पाळा: एका संध्याकाळी एकच दार. लोकांनी विचारलं की सगळी एकदम का नाही उघडत, तरी ऐकू नका.

वसईचा_गोठेवाला | 10 नोव्हेंबर, सकाळी 7:15

ताई, इंग्लंडला कशाला जाता, वसईला या! आमचा किनारा, आमचा नाताळ आणि वर मराठी. निर्मळ, गास, गिरीज, भुईगाव, नंदाखाल, कुठल्याही गावात डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात संध्याकाळी फिरा. वाडीच्या तोंडाशी, विहिरीजवळ, क्रुसाच्या चौथऱ्याला लागून गोठे दिसतील. घराबाहेर, उघड्यावर, सगळ्यांसाठी. पोरं रात्र-रात्र जागतात. डोंगर, झरा, पाणचक्की, ताडी काढणारा भंडारी, होडी ओढणारे कोळी, बैलगाडी. बेथलेहेम आहे, पण गाव वसईचं आहे.

ज्यांना हे नवीन वाटतं त्यांच्यासाठी: गव्हाणीचा देखावा करायची चाल लोकप्रिय केली ती असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी, 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात. डोंगरातल्या गुहेत गवताने भरलेली गव्हाण, खरा बैल, खरं गाढव, आणि भोवती मशाली घेऊन आलेले गावकरी. म्हणजे सुरुवातच घराबाहेर झालीय.

आता कामाची गोष्ट. गोठ्यात गवत विकतचं हिरवं प्लॅस्टिक वापरू नका. आम्ही पसरट टोपल्यांत माती घालून भात किंवा नाचणी पेरतो. आठ-दहा दिवसांत कोवळी हिरवळ येते. सोलापुरात ज्वारी पेरा, गहू पेरा. घटस्थापनेला जे करता तेच. 6-7 डिसेंबरला पेरलंत तर 16 तारखेपर्यंत बोटभर वाढतं.

आणि 24 दिवसांचा हट्ट नको. नाताळाआधीची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, 16 ते 24 डिसेंबर असते. नऊ फाटकं पुरे. पहिल्याच वर्षी 24 घरं शोधायला निघालात तर मध्येच दम लागेल.

विजापूररोडच्या_अक्का | 10 नोव्हेंबर, दुपारी 2:40

फार छान विषय. मी शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त.

वसईकर दादा, 2020 च्या जानेवारीत आपले फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा मी सोलापूरहून गेले होते. नंदाखालच्या माणसाला ऐकायला आमच्या कोरड्या मुलखातली माणसं मांडव भरून बसली होती. तेव्हापासून तुमचे गोठे बघायचे राहूनच गेलेत.

आल्टोताई, माझी एक विनंती. नऊही ठिकाणी गोठाच नको. मुलांना एकेक पात्र किंवा प्रसंग वाटून द्या. एका फाटकात मेंढपाळ, एकात चांदणीच्या मागे निघालेले ज्ञानी लोक, एकात धर्मशाळेचं बंद दार, एकात नुसती गव्हाण, रिकामी. बाळ शेवटच्या संध्याकाळी. मग माणूस आठव्या दिवशीही येईल, कारण गोष्ट पुरी व्हायचीय.

मेंढपाळ मात्र आपले करा. सोलापूरच्या माळावर खांद्यावर घोंगडी टाकून मेंढरं हाकणारा धनगर रोज दिसतो. पांढऱ्या झग्यातला परदेशी मेंढपाळ मुलांना पुस्तकातून काढावा लागतो, हा त्यांनी पाहिलेला आहे. मी काढून घेईन मुलांकडून.

भीमाकाठ | 10 नोव्हेंबर, संध्याकाळी 6:05

पुरीच्या किनाऱ्यावर सुदर्शन पटनाईक दर नाताळला वाळूचा सांताक्लॉज करतात, पेपरात फोटो येतो. तसं एखादं वाळूशिल्प होईल का? शेवटच्या दिवशी होम मैदानावर वगैरे?

वसईचा_गोठेवाला | 10 नोव्हेंबर, संध्याकाळी 6:48

@भीमाकाठ, माझं मत नको असं आहे. वाळूशिल्प उभं राहतं ते ओलीमुळे. दाण्यादाण्यांमध्ये पाण्याचा पातळ थर असतो, तो त्यांना ओढून धरतो. पुरीला समुद्र शेजारी आहे, पाणी मारत राहायचं. तुमच्या कोरड्या हवेत दुपारपर्यंत कडा ढासळायला लागतील. किनाऱ्यावरचं शिल्प वाळूतून येतं आणि वाळूत जातं, तुम्हाला ट्रकने आणून ट्रकने न्यावं लागेल.

भीमाकाठ | 10 नोव्हेंबर, संध्याकाळी 7:20

पटलं. आणि खरं सांगायचं तर भीमेच्या पात्राची वाळूउपशाने काय दशा झालीय ते रोज बघतो. एका सांताक्लॉजसाठी अजून एक ट्रक नकोच.

साखरपेठेतला_माग | 10 नोव्हेंबर, रात्री 10:10

मी ख्रिस्ती नाही, आमचं पद्मशाली घर, विणकरांचं. पण धागा वाचून राहवेना.

आमच्याकडे चादरीच्या जकार्डची जुनी कार्डं पडून आहेत, पोतीच्या पोती. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. चादरीवर मोर, फुलं, वाघ जो काही विणला जातो त्याचा नकाशा या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर भोकांत असतो. एक पट्टी म्हणजे एक आडवा धागा. जिथे भोक, तिथे सुई आत जाते आणि त्या आकड्यावरचा उभा धागा उचलला जातो. भोक नसेल तर धागा खालीच. अशा शेकडो पट्ट्या दोरीने एकमेकींना शिवून माळ करतात आणि ती मागावर फिरत राहते. आता बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रॉनिक जकार्ड आली, कार्डं रद्दीत जातात.

लहानपणी लाइट गेले की आम्ही भाऊ या पट्ट्यांमागे बॅटरी धरायचो. भिंतीवर ठिपक्यांची ओळ पडायची. पट्टी सरकवली की ओळ बदलायची. आज रात्री मुद्दाम पाच पट्ट्या टोकाला टोक लावून चांदणी केली आणि आत एलईडी बल्ब सोडला. ताई, छतभर ठिपके. पुठ्ठ्याला तेलाचा जुना वास आहे, कडा काळ्या झाल्यात, पण भोकं अजून स्वच्छ आहेत. कुठल्यातरी चादरीतल्या मोराचा तुकडा आमच्या छतावर चांदणं होऊन पडलाय.

हवी तेवढी घेऊन जा. सोलापूरचा देखावा असेल तर तो सोलापूरच्या मालाचाच असावा असं माझं म्हणणं.

रेल्वेलाइन्सची_आल्टो | 10 नोव्हेंबर, रात्री 10:34

अण्णा, वाचून अंगावर काटा आला. नऊही फाटकांवर याच चांदण्या लावायच्या, ठरलं. बाजारातली एकही नको.

सातरस्ता_जंक्शन | 11 नोव्हेंबर, सकाळी 9:20

कल्पना उत्तम, पण विरोधी सूर लावतो. बक्षीस ठेवल्याशिवाय लोक झटून करत नाहीत. गणपतीचे देखावे मोठे झाले ते स्पर्धांमुळे. वसईतही गोठ्यांच्या स्पर्धा असतातच ना? तीन बक्षिसं ठेवा, एखादा प्रायोजक गाठा, बघा कसे चढाओढीने देखावे होतात.

वसईचा_गोठेवाला | 11 नोव्हेंबर, दुपारी 12:55

हो, आमच्याकडे स्पर्धा असतात आणि त्यामुळे कारागिरी वाढली हे नाकारणार नाही. मोटर लावलेल्या पाणचक्क्या, हलणारे पुतळे, धुकं, गडगडाट. परीक्षक येणार म्हणून पोरं आठवडाभर आधी सगळं तयार ठेवतात.

पण दुसरी बाजू सांगतो. एका वर्षी आमच्या वाडीच्या गोठ्याला एका दुकानदाराने पैसे दिले आणि त्याचा फ्लेक्स इतका मोठा लावला की रस्त्यावरून आधी त्याचा फोटो दिसायचा, मग बाळ येशू. शिवाय निकाल लागला की ज्या गोठ्यांना काही मिळालं नाही तिकडची गर्दी आटते, पोरांची तोंडं उतरतात, आणि ते नेमके नाताळाच्या दिवसांत. बक्षीस असलं की लोक देखाव्याकडे मार्क द्यायला बघतात. फाटकासमोर उभं राहून गायचं असेल तर मार्क देता येत नाहीत.

सातरस्ता_जंक्शन | 11 नोव्हेंबर, दुपारी 1:30

फ्लेक्सचं मान्य. पण काहीच चुरस नसेल तर पाचव्या दिवशी कुणीतरी दोन माळा टांगून मोकळं होईल, बघा.

विजापूररोडच्या_अक्का | 11 नोव्हेंबर, दुपारी 4:15

होऊ दे की! दोन माळा टांगणाऱ्याच्या फाटकासमोरही तेवढीच माणसं उभी राहून तेवढीच गाणी म्हणणार. मला तर त्याच घरी जायला आवडेल. ज्या घरात दोन म्हाताऱ्या माणसांशिवाय कुणी नाही, मुलं पुण्यात, त्यांनी एक पणती आणि एक खुर्ची मांडली तरी तो देखावाच. स्पर्धा ठेवलीत तर अशी घरं पहिल्यांदा माघार घेतील. शाळेत वर्षानुवर्षं पाहिलंय, नंबर काढायचे म्हटलं की अर्धा वर्ग रंगपेटी मिटून बसतो.

रेल्वेलाइन्सची_आल्टो | 11 नोव्हेंबर, रात्री 9:05

मी अक्कांच्या बाजूने. बक्षीस नाही, प्रायोजक नाही, कुणाच्या नावाचा फलक नाही. ज्यांची पाळी त्या घराचं नावसुद्धा नाही, फाटकावर फक्त तारीख. जंक्शनदादा, तुमचा मुद्दा मी टाकून देत नाहीये. काम चांगलं व्हावं म्हणून चुरशीऐवजी हातभार लावू. प्रत्येक फाटकासाठी दुसऱ्या घरातली दोन माणसं मदतीला द्यायची. ज्यांचं 17 ला झालं त्यांनी 20 तारखेच्या घरी जाऊन राबायचं.

जुळेसोलापूरची_तार | 11 नोव्हेंबर, रात्री 10:40

मी इलेक्ट्रिशियन. देखाव्यांची वायरिंग खूप केलीय, म्हणून तळमळीने लिहितो.

कडबा, घोंगडी, पुठ्ठा, कापड हे सगळं वापरणार असाल तर हॅलोजन अजिबात नको. तो इतका तापतो की शेजारचा कडबा पेट घ्यायला वेळ लागत नाही. एलईडी, तेही 12 व्होल्टचे अ‍ॅडॉप्टरवाले. अ‍ॅडॉप्टर घरात, बाहेर फक्त बारीक वायर. ज्या बोर्डावरून लाइन घ्याल तिथे 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे शॉक लागायच्या आत लाइन तोडणारा स्विच, आहे का बघा. आकडे टाकून रस्त्यावरच्या खांबावरून घ्यायचं नाव काढू नका. उघडी पणती ठेवायचीच असेल तर काचेच्या बरणीत, आणि शेजारी वाळूची बादली.

आपल्याला एक फायदा आहे. समुद्राकाठी खारी हवा, दव, जोड गंजतात. आपल्याकडे डिसेंबरात हवा कोरडी, आभाळ स्वच्छ. कागदाचा, पुठ्ठ्याचा देखावा रात्रभर बाहेर राहिला तरी सहसा काही होत नाही.

एका संध्याकाळची वायरिंग मी बघतो. पैसे नकोत.

होव्हवासी | 12 नोव्हेंबर, रात्री 1:10

खाऱ्या हवेचं अगदी खरं. इथे तर वाऱ्याने अर्ध्या वस्तू खिळ्यांनी ठोकून ठेवाव्या लागतात.

एक सुचवतो. इथे गरम मसालेदार वाइन आणि मिन्स पाय, म्हणजे सुक्या मेव्याच्या गोड करंज्यांसारखा प्रकार, देतात. तुमच्याकडे डिसेंबर म्हणजे हुरड्याचे दिवस सुरू. गरम हुरडा, शेंगाचटणी, गुळाचा खडा. परदेशात बसून हे टाइप करताना जीव कासावीस होतोय.

भीमाकाठ | 12 नोव्हेंबर, सकाळी 8:00

हुरडा माझ्याकडून, एका संध्याकाळपुरता. कणसं 20 च्या सुमाराला भाजण्याजोगी होतील असं वाटतंय, पण पीक बघून सांगेन.

सातरस्ता_जंक्शन | 12 नोव्हेंबर, सकाळी 10:25

ठीक आहे, बक्षीस सोडलं. गाण्याच्या नियमांचं मी सांगतो, मंडळाच्या कामात हे बरंच केलंय. रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकरला बंदी आहे, 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार. वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस सरकार रात्री 12 पर्यंत सवलत देऊ शकतं, पण त्या भानगडीत पडूच नका. स्पीकरच लावू नका. सूर्य सहाच्या आसपास मावळतो, साडेसातला सुरू करून साडेआठला संपवा. मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्यांची जेवणं, सगळं जमतं. तरीही रस्त्यावर माणसं थांबणार म्हणून पोलीस ठाण्यात आधी अर्ज द्या, नऊ तारखा आणि नऊ ठिकाणं लिहून. अर्जाचा मसुदा मी करतो.

रेल्वेलाइन्सची_आल्टो | 12 नोव्हेंबर, रात्री 9:30

स्पीकर नाही हे माझ्या मनातलंच. माइक आला की चार जण गातात आणि बाकीचे मोबाइल धरतात. ढोलकी-टाळ असले की न येणाराही दुसऱ्या कडव्याला गुणगुणायला लागतो.

गाण्यांचं सांगते. इंग्रजी चालींची भाषांतरं आम्ही गातोच, पण रस्त्यावर पहिलं गाणं मराठी चालीचं हवं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत अभंगाच्या वळणाची भजनं आणि कीर्तन आणलं, त्याला आता शंभरहून जास्त वर्षं झाली. ज्याने आयुष्यात चर्चची पायरी चढली नाही त्यालाही त्या चालीवर टाळ धरता येतो. वारीच्या वाटेवरचं गाव आहे आपलं, पालख्या बघत वाढलेलं. ध्रुवपदाच्या छोट्या चिठ्ठ्या छापून वाटू, म्हणजे सगळ्यांना धरता येईल.

आजपर्यंत 16, 17, 19, 20 आणि 22 ची फाटकं ठरली. 24 ला चर्चचं आवार. 18, 21, 23 रिकामी आहेत. ज्यांना वाटतंय की आपण ख्रिस्ती नाही, आपलं कसं चालेल, त्यांनी तर नक्की हात वर करावा.

साखरपेठेतला_माग | 12 नोव्हेंबर, रात्री 9:58

21 आमची. घर रेल्वे लाइन्सपासून लांब आहे, पण तुम्ही चालत या, परतीला आमच्या रिक्षा आहेत. मागाच्या शेडचं मोठं दार आहे, तेच उघडू. आईला विचारलं, ती म्हणाली बंद मागावर घोंगडी टाका आणि तीच गव्हाण करा.

कार्डांची चार पोती रविवारी सकाळी तयार ठेवतो. फक्त एक अट आहे. आमच्या गल्लीत अर्ध्या आज्या तेलुगूच बोलतात, त्या दिवशी एक तरी गाणं तेलुगूत पाहिजे.

रेल्वेलाइन्सची_आल्टो | 12 नोव्हेंबर, रात्री 10:06

घेतलं अण्णा. आमच्यातल्या वरचा सूर गाणाऱ्या दोन सोप्रानो घरी तेलुगूच बोलतात, त्यांना येतं. शब्द देवनागरीत लिहून घेते आणि मंगळवारच्या तालमीपासूनच बसवायला घेऊ. पोती न्यायला रविवारी टेम्पो घेऊन येतेय. 18 आणि 23 अजून रिकामी, धागा वर ठेवा.